जुन्या मियाटाची क्लच लाइन घरच्या घरी बदलताना

मागच्या ऑक्टोबरात ऑफिसातून येताना सिग्नलला थांबत होतो, क्लच दाबला आणि पेडल जे खाली गेलं ते वर आलंच नाही, मॅटवर आडवं पडून राहिलं. गाडी दोन हिसके देऊन बंद. मागून हॉर्न सुरू. मग गाडी बंद असतानाच पहिला गिअर टाकला, पेडल दाबलेलंच ठेवलं (क्लच म्हणून त्याचा उपयोग शून्य, पण अमेरिकेतल्या या गाडीत पेडल खाली असल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही) आणि किल्ली फिरवली, की स्टार्टरच्याच जोरावर गाडी ठेचकाळत पुढे सरकते. तसं प्रत्येक स्टॉप साइनला गाडी बंद करत, परत चालू करत तीन मैल घरी आलो. हे रोज करायचं काम नाही, पण टो ट्रकचे पैसे वाचतात.

गाडी 1995 ची मियाटा, 1.8 इंजिन, म्हणजे उघडझाप करणाऱ्या दिव्यांची पहिली पिढी. फेब्रुवारी 1989 ला शिकागोच्या ऑटो शोमध्ये माझदाने ही गाडी पहिल्यांदा दाखवली आणि 1997 पर्यंत याच रूपात बनवली, म्हणजे आता यातली कुठलीही गाडी पंचवीस वर्षांच्या वर गेलीच. आम्ही राहतो मिशिगनला, इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, आणि ते मीठ गाडीच्या पोटाखालच्या प्रत्येक स्टीलच्या पाइपला हळूहळू खातं. माझ्या आधीच्या मालकाने गाडी हिवाळ्यात बाहेर काढली होती हे खाली झोपल्यावर पहिल्या मिनिटात कळलं.

सिस्टीम तशी अगदी सोपी आहे. पेडल दाबलं की फायरवॉलवरचा (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरचा) मास्टर सिलेंडर ब्रेक ऑइल ढकलतो, ते पाइपातून खाली गिअरबॉक्सच्या हाऊजिंगवर बसवलेल्या स्लेव्ह सिलेंडरला जातं, स्लेव्हचा दांडा फोर्क (क्लच सोडवणारी तरफ) ढकलतो आणि क्लच सुटतो. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत मास्टर डावीकडे आणि स्लेव्ह उजवीकडे, त्यामुळे कंपनीने स्टीलचा पाइप फायरवॉलला धरून आडवा पलीकडे नेलाय, वाटेत त्याला वेटोळं दिलंय, आणि शेवटच्या टप्प्यात रबरी होज. पाइप आणि होज मिळून ही लाइन. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत, म्हणजे जपान-इंग्लंडवाल्यांकडे, दोन्ही एकाच बाजूला येतात म्हणून त्यांचं काम निम्मं.

पहिलं काम, पार्ट मागवायच्या आधी गळतंय कुठून ते बघा. तीन जागा असतात. ड्रायव्हरच्या पायाशी डोकं घालून पेडलचा दांडा जिथे मास्टरमध्ये जातो तिथे बोट फिरवा, ओलं लागलं तर मास्टर गेला. खाली जाऊन स्लेव्हच्या रबरी बुटाची कड छोट्या स्क्रू ड्रायव्हरने उचला, आतून ऑइल टपकलं तर स्लेव्ह गेला. हे दोन्ही कोरडे असतील तर मग लाइन. आणि एक चौथा प्रकार आहे ज्यात काहीच गळत नाही पण क्लच नीट सुटत नाही, तेव्हा कोणाला तरी पेडल मारायला सांगून रबरी होज मुठीत धरा, जुनी होज फुगते ती हाताला कळते, जेवढी फुगते तेवढं ऑइल स्लेव्हपर्यंत पोचतच नाही. उलट पेडल सावकाश वर येत असेल तर होज आतून सुजून चोंदलेली असू शकते. मास्टरच्या छोट्या टाकीतलं ऑइल काळं झालं असेल तर कुठलं तरी रबर झिजून त्यात मिसळतंय.

माझ्याकडे स्टीलचा पाइप आणि होज जिथे जुळतात त्या ब्रॅकेटपाशी सगळं काळं आणि ओलं होतं. ब्रॅकेट आणि पाइपच्या फटीत चिखल नि मीठ साचून राहतं आणि पाइप तिथूनच सडतो. बोटाने नुसता खरवडला तर पापुद्रा निघाला. आणि पाइप-होज जोडणारा तो मधला नट, त्याचे सहाही कोपरे गोल. काही वर्षांपूर्वी इथल्याच एका गॅरेजमध्ये क्लच प्लेट बदलून घेतली होती, त्या वेळी कोणी तरी साध्या पान्याने त्याच्याशी कुस्ती खेळून तसाच सोडून दिला होता, बिलात त्याचा उल्लेख नाही अर्थातच.

म्हणून माझं मत असं, की फक्त होज बदलायच्या फंदात पडू नका, मास्टरपासून स्लेव्हपर्यंत पूर्ण लाइन बदला. नुसती होज बदलायची तर तो मधला गंजलेला नट शाबूत सुटायला हवा, तो सुटत नाही, सुटला तर पाइप त्याच्याबरोबर पिळला जातो, आणि मग शेवटी पूर्ण लाइनच घ्यावी लागते, फक्त शनिवार वाया गेलेला असतो. पूर्ण लांबीची, आत टेफ्लॉन आणि वर स्टीलची जाळी विणलेली लाइन या गाडीसाठी तयार मिळते. मधला जोड नाही, वेटोळं नाही, फुगणं जवळपास नाही. ज्यांना सगळं ओरिजिनलच हवं त्यांनी तांबं-निकेलचा पाइप घेऊन टोकं स्वतः बनवावीत, तो गंजत नाही आणि हाताने वळतो, पण टोक बनवायचं टूल चांगलं लागतं आणि जपानी गाडीला टोक दुहेरी दुमडीचं लागतं, युरोपियन गाड्यांसारखं फुगीर बोंडाचं नाही.

आट्यांबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. या गाडीच्या नटाचे आटे 10 मिलिमीटर बाय 1.0. अमेरिकन पाइपाचा जो सगळीकडे मिळणारा नट आहे तो 3/8 इंच, 24 आट्यांचा, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. दोन्ही शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक कळत नाही. तो अमेरिकन नट या मास्टरमध्ये सुरुवातीला छान फिरतो, आपल्याला वाटतं बसला, आणि आवळताना एक तर गळतो किंवा आटे घेऊन बाहेर येतो. पाकिटावरचं वाचल्याशिवाय काहीही फिरवू नका.

लाइनबरोबर स्लेव्हही नवा घ्या, स्वस्त असतो, आणि त्याच जागी परत कोण झोपणार. खरं तर मास्टरही घ्यायला हवा होता. मी कंजूषपणा केला, म्हटलं कोरडा आहे की. नव्या लाइनमुळे सगळा दाब त्या म्हाताऱ्या सीलवर आला की आणखी कशाने देव जाणे, मार्चमध्ये मास्टरनेही राम म्हटला आणि लाइनमधली हवा काढायचा सगळा सोहळा परत करावा लागला.

सामान म्हणजे 10 चा फ्लेअर नट पाना, हाच खरा हिरो. दिसतो रिंग पान्यासारखा पण एका बाजूने पाइप आत जाईल एवढी फट असते, त्यामुळे नटाला चारी बाजूंनी धरतो. साधा फिक्स पाना फक्त दोन बाजू धरतो, नट मऊ असतो, कोपरे गेलेच समजा. स्लेव्हच्या बोल्टांना 12 चा सॉकेट आणि लांब एक्स्टेन्शन, ब्लीड निपलला (स्लेव्हवरची हवा काढायची तोटी) माझ्याकडे 8 चा पाना लागला. चांगली पक्कड. फिश टँकची पारदर्शक नळी, एक रिकामी बाटली, टाकीतून ऑइल ओढायला पिचकारी (स्वयंपाकघरातली घेतलीत तर ती परत स्वयंपाकघरात न्यायची नाही, हे बायकोशी आधीच बोलून ठेवा). ब्रेक क्लीनर, हातमोजे, गॉगल. ब्रेक ऑइल डॉट 3 किंवा डॉट 4, सीलबंद डबा, कारण हे ऑइल हवेतलं पाणी पितं, गॅरेजच्या फळीवर वर्षभर उघडा पडलेला डबा वापरू नका. 12 औंसाचा एक डबा पुरतो, मी दोन आणतो. सिलिकॉनचं डॉट 5 या सिस्टीममध्ये घालायचं नाही.

आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारा. सकाळी परत मारा. घाई असेल तर ज्या दिवशी घाई नाही तो दिवस निवडा.

गाडी सपाट जमिनीवर, मागच्या चाकांना अडसर, पुढून जॅक लावून दोन्ही बाजूला स्टँड. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. स्टँडवर ठेवल्यावर गाडीला हाताने जोरात हलवून बघा, पडायची तर तुम्ही बाहेर असताना पडू दे. इंजिन थंड हवं. फेंडरवर जुनी चादर टाका आणि शेजारी पाण्याची बादली ठेवा, कारण ब्रेक ऑइल रंग खातं, थेंब पडला की पुसत बसू नका, लगेच पाणी ओता.

पिचकारीने क्लचची टाकी रिकामी करा. इथे क्लचला स्वतःची वेगळी छोटी टाकी आहे, ब्रेकच्या टाकीला हात लावायचा नाही. मग मास्टरवरचा नट. फ्लेअर पाना पूर्ण खोल बसवा, एका हाताने पाना नटावर दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने झटका द्या, हळूहळू ताकद लावत नेण्यापेक्षा छोटा झटका बरा. नट सुटला पण पाइपही बरोबर फिरतोय असं दिसलं तर जुना पाइप तसाही भंगारातच जाणार आहे, नटाच्या जवळ कापून टाका आणि उरलेल्या नटावर सहा कोनी खोल सॉकेट चढवा, एकदम सोपं होतं. हे मला दोन तास वाया घालवल्यावर सुचलं. मास्टरच्या तोंडाला लगेच रबरी टोपी लावा, नाही तर टपटप चालू राहते आणि धूळ आत जाते.

आता खाली. इथे क्रम महत्त्वाचा आहे. स्लेव्ह गिअरबॉक्सला घट्ट बसलेला असतानाच त्याच्याकडची लाइनची जोडणी फक्त पाव वळसा सैल करा. आधी बोल्ट काढलेत तर स्लेव्ह हातात लोंबकळणार आणि तो धरून नट सोडवणं म्हणजे तेल लावलेल्या नारळाची शेंडी ओढण्यासारखं. पाव वळसा सैल झाला की मग दोन बोल्ट काढा, स्लेव्ह मागे ओढून घ्या आणि होज न पिळता स्लेव्हच फिरवून होजवरून उतरवा. स्लेव्ह बाहेर असताना कोणीही क्लचला पाय लावायचा नाही. जुना स्लेव्हच परत बसवणार असाल तर हे जास्तच लागू, पिस्टन टप्पकन बाहेर येतो आणि ऑइल थेट तुमच्या तोंडावर.

एवढ्यात फोर्ककडे नजर टाका. स्लेव्हचा दांडा जिथे टेकतो तिथला खड्डा किती झिजलाय ते बघा आणि तिथे किंचित ग्रीस लावा, अगदी तीळभर. मधली ब्रॅकेटची क्लिप पक्कडीने ओढून काढा, आणि जुना पाइप अख्खा बाहेर काढायचा हट्ट न धरता कटरने दोन-तीन तुकडे करून काढा. ते वेटोळं एकसंध बाहेर काढायच्या नादात मी हीटरचा होज उपटणार होतो.

नवी लाइन बसवताना पहिला नियम, दोन्ही टोकं आधी बोटांनी फिरवायची. किमान तीन-चार वळसे बोटाने जायला हवेत, अडखळलं तर उलट फिरवून परत. पाना आट्यांवर जबरदस्ती करायला नसतो, शेवटचं आवळायला असतो. तुमच्या किटमध्ये स्लेव्हच्या टोकाला छिद्राचा बोल्ट आणि गोल डोळा असेल तर डोळ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक तांब्याचा वायसर, दोन्ही नवे, जुने वायसर परत वापरायचे नाहीत. लाइनच्या टोकांचे फ्लेअर नट मी 15-16 न्यूटन मीटरला आवळले, स्लेव्हचे बोल्ट 20 च्या आसपास, तुमच्या वर्षाच्या मॅन्युअलमध्ये आकडा बघून घ्या. टॉर्क पाना तिथे शिरत नसेल तर बोटाने घट्ट, मग पान्याने हळूहळू, आणि गळालंच तर अजून जरासं. आधीच ताकद लावून बसलात तर मागे यायला जागा उरत नाही.

लाइनचा रस्ता ठरवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि लागू दे. एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड डावीकडे, म्हणजे मास्टरच्याच बाजूला, तिकडून लाइन लांब ठेवत फायरवॉलच्या कडेने उजवीकडे न्या. स्टिअरिंगच्या दांड्याला लागायला नको. स्टीलची जाळी ही कानशीच असते, ती ज्या वस्तूला घासते ती वस्तू कापते, वायरिंग असो नाही तर हीटरचा होज, म्हणून जिथे जिथे स्पर्श होतो तिथे जुन्या होजचा तुकडा चिरून वर चढवा आणि झिप टायने बांधा. इंजिन रबरी माउंटवर हलतं, तेव्हा शेवटच्या भागात थोडी ढील ठेवा. लाइनवर लांबीच्या दिशेने पेनने सरळ रेघ मारून ठेवली तर आवळताना पीळ पडला का ते लगेच दिसतं.

आता लाइनमधली हवा काढणं. लाइन बसवणं जर जेवण असेल तर हे भांडी घासणं, आणि तेच जास्त वेळ खातं. क्लचमध्ये ऑइल मुळात अगदी थोडं सरकतं, त्यामुळे वाटाण्याएवढा बुडबुडासुद्धा पेडलचा अर्धा प्रवास गिळतो. आणि लाइन आडवी जाते, त्यामुळे हवा मध्येच उंचवट्यावर अडकून बसते.

आधी टाकी भरा, निपल उघडा, नळी बाटलीत सोडा आणि चहा घेऊन या. नुसत्या वजनाने बरंच ऑइल खाली उतरतं. टाकी मात्र बघत राहा, ती एवढुशी आहे, रिकामी झाली की परत पहिल्यापासून.

मग दुसरा माणूस लागतो. माझे बाबा तेव्हा साताऱ्याहून आले होते, त्यांना सीटवर बसवलं. "अरे, चेतकची क्लच केबल मी रस्त्याच्या कडेला दहा मिनिटांत बदलायचो, याला सकाळपासून काय चाललंय तुझं?" हे ऐकत मी खाली आडवा. पद्धत अशी, ते म्हणणार "दाबलं" आणि पेडल तळाला दाबून धरणार, मी निपल पाव वळसा उघडणार, ऑइल आणि बुडबुडे नळीत येणार, मी निपल बंद करून ओरडणार "सोडा", तेव्हाच ते पेडल सोडणार. सुरुवातीला पेडल आपोआप वर येत नाही, हाताने उचलावं लागतं. नवव्या-दहाव्या वेळी मी फक्त "थांबा" म्हणालो, बाबांना ऐकू आलं "सोडा", त्यांनी पेडल उचललं, निपल उघडा होता, आणि नळीतली सगळी हवा सुर्रकन आत गेली. त्यानंतर आम्ही शब्द बदलले, "एक" आणि "दोन". एकमेकांसारखे ऐकू येणारे शब्द ठेवू नका.

दोन फेऱ्यांनंतरही पेडल मऊ असेल तर पेडल मारत बसू नका, हे करा. स्लेव्हचे दोन बोल्ट काढून तो लाइनसकट खाली घ्या, निपल सगळ्यात वर येईल असा तिरका धरा, निपल बंद, टाकीचं झाकण उघडं, आणि अंगठ्याने दांडा सावकाश पूर्ण आत ढकला. वर टाकीत बुडबुडे फुटतील. हळूच सोडा, पण दांडा पूर्ण बाहेर येऊ द्यायचा नाही. परत ढकला. आठ-दहा वेळा. बाबा टाकीकडे बघत होते, "आला, मोठा आला, अजून एक... आता नाही येत," असं समालोचन चालू होतं. परत बसवल्यावर पहिल्याच दाबाला पेडल घट्ट. या गाडीला निम्म्या वेळा हाच उपाय लागतो, मी तर पुढच्या वेळी सुरुवातच यानेच केली. एकच सांभाळा, टाकी काठोकाठ भरलेली नको, ऑइल उसळून बाहेर येतं.

शेवटी पेडलची सेटिंग बघा. पेडल हाताने हलकेच दाबलं की दांडा मास्टरच्या पिस्टनला टेकायच्या आधी थोडी मोकळी चाल जाणवायला हवी. ती अजिबात नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीकडे जाणारं छोटं छिद्र बंदच राहतं, गरम झालेलं ऑइल फुगून परत जायला वाट मिळत नाही आणि क्लच अर्धवट दाबलेलाच राहून घसरायला लागतो. लोक याला क्लच प्लेट गेली समजून हजार डॉलर घालवतात. दांड्यावरचा लॉक नट सैल करून दांडा फिरवला की चाल कमी-जास्त होते.

गाडी खाली घेण्याआधी इंजिन बंद ठेवून पेडल वीसेक वेळा जोरात मारा, दोन्ही जोडांना टिश्यू पेपर गुंडाळा आणि रात्रभर तसंच ठेवा. ओलावा बोटाला कळत नाही पण टिश्यूवर डाग लपत नाही. सकाळी कोरडा असेल तर इंजिन चालू करा, न्यूट्रलमध्ये क्लच दाबून चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. खर्रकन आवाज आला तर अजून हवा आहे किंवा क्लच पूर्ण सुटत नाहीये. आवाज न करता पडला तर घराभोवती एक चक्कर मारा, ती बाबांना शेजारी बसवून, छप्पर उघडं ठेवून मारली, पाच डिग्रीत, कानटोपी घालून. पहिल्या शंभर मैलांनंतर परत खाली झोपून जोड बघा. माझा मास्टरकडचा नट किंचित आवळावा लागला.

काढलेलं काळं ऑइल बाटलीत बंद करून ठेवलंय. ते नाल्यात किंवा मागच्या अंगणात ओतायचं नाही, कौंटीच्या घातक कचऱ्याच्या दिवशी नेऊन द्यायचं. आणि पिचकारीवर मार्करने 'खायची नाही' असं लिहून ठेवलंय, तरी बायको विचारत होतीच.